अँग्लो-सॅक्सन पेनी: आधी नाणं उलटं करा, राजा नंतर बघा

अँग्लो-सॅक्सन, म्हणजे 1066 पूर्वीच्या इंग्लंडचं, चांदीचं नाणं (पेनी) पहिल्यांदा घेणारा माणूस हटकून राजा बघतो. आल्फ्रेड हवा, ऑफा हवा, 1066 मध्ये हेस्टिंग्जला पडलेला हॅरल्ड हवा. तिघेही महाग आहेत, आणि त्यातल्या एकावर वर्षाची शिल्लक उधळली की हौस तिथेच थांबते. मी लिंकनमध्ये दातांची डॉक्टर आहे, मूळची सांगलीची, आणि माझ्या ट्रेमध्ये या तिघांपैकी एकही नाही. तिथे आहेत ती याच लिंकन गावात पाडलेली नाणी, बहुतेक दुसरा एथेलरेड आणि क्नूट यांच्या काळातली. मी सांगणार आहे ती पद्धत एवढीच: एक टांकसाळ धरा, आणि नाणं निवडताना मागची बाजू आधी वाचा.

मागची बाजू का, ते सांगते. 973 च्या सुमारास एडगर राजाने सगळ्या इंग्लंडचं नाणं एकसारखं केलं. पुढे राजाचा चेहरा आणि नाव. मागे क्रॉस, आणि त्याच्याभोवती टांकसाळ्याचं, म्हणजे नाणं पाडणाऱ्या माणसाचं, नाव व गावाचं नाव. यात हौस नव्हती, जबाबदारी होती. एडगरचा काका ॲथेलस्टन याने त्याआधीच कायदा केला होता की नाणं फक्त शहरात पाडायचं, आणि टांकसाळ्या खोटेपणात सापडला तर त्याचा हात तोडून टांकसाळीवरच लटकवायचा. त्याच कायद्यात कुठे किती टांकसाळे असावेत तेही लिहिलंय: लंडनला आठ, कँटरबरीला सात, विंचेस्टरला सहा, रॉचेस्टरला तीन. एडगरनंतर तर नाण्यावर नाव आणि पत्ता दोन्ही आले. म्हणजे हजार वर्षांनी माझ्यासारखी बाई स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दिवा लावून वाचू शकते की हे नाणं लिंकनच्या कोलग्रिमने पाडलं. राजाचा चेहरा यापुढे फारसं काही सांगत नाही. तो सगळ्या गावांत जवळपास सारखाच असतो आणि बहुतेकदा राजासारखा दिसतही नसतो.

आता पैशाचं. एथेलरेड दुसरा (978 ते 1016) आणि क्नूट (1016 ते 1035) यांच्या पेन्या आजही आवाक्यात आहेत, त्याचं कारण व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडचे समुद्री हल्लेखोर. 991 मध्ये त्यांना परत पाठवण्यासाठी 10,000 पौंड दिले गेले, 1012 मध्ये 48,000, आणि क्नूट गादीवर आल्यावर 1018 मध्ये 72,000, वर लंडनकडून वेगळी वसुली. पौंड म्हणजे तेव्हा 240 पेन्या, कारण पेनी हेच नाणं होतं. 48,000 पौंडांचा हिशोब एक कोटी पंधरा लाखांच्या वर जातो. त्यातली कितीतरी बोटींतून उत्तरेला गेली आणि तिथे जमिनीत पुरली गेली. म्हणून या काळाच्या इंग्लिश पेन्या इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडल्या आहेत, विशेषतः स्वीडनच्या गॉटलंड बेटावर. त्यांचे प्रकार आजही ज्या अक्षरांनी ओळखले जातात ती पद्धतही स्टॉकहोमच्या ब्रोर एमिल हिल्डेब्रांड यांनी एकोणिसाव्या शतकात तिथल्याच नाण्यांवरून बसवली.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यात, नाहीतर यादी बघून गोंधळ होईल. 675 च्या सुमारास इंग्लंडमध्ये सोन्याच्या जागी चांदीची लहान, जाड नाणी आली. त्यांना संग्राहक शॅटा म्हणतात. साधारण 12 मिलिमीटरची, आपल्या करंगळीच्या नखाएवढी. त्यांवर राजाचं नाव जवळजवळ नसतंच, म्हणून ती अक्षरांच्या मालिकांनी ओळखतात. त्यातली ई मालिका, म्हणजे साळिंदरासारखे काटे असलेली, खरं तर समोरच्या किनाऱ्यावरून, ऱ्हाईनच्या मुखाकडून आलेली. ती मुबलक आहे आणि सुरुवातीला परवडते. मग आठव्या शतकाच्या उत्तरार्धात मर्सियाच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या राज्याच्या, ऑफाने पातळ, रुंद पेनी रुळवली. ऑफाची नाणी देखणी आहेत. त्याची राणी किनेथ्रिथ हिच्या नावाची नाणीही आहेत, आणि अँग्लो-सॅक्सन राण्यांमध्ये हा मान तिचा एकटीचाच. ब्रिटिश म्युझियममध्ये ऑफाच्या नावाचा एक सोन्याचा दिनार आहे, खलिफा अल्-मन्सूरच्या हिजरी 157 च्या दिनाराची नक्कल, ज्यात 'ऑफा रेक्स' ही अक्षरं अरबी मजकुराच्या तुलनेत उलटी बसली आहेत. बघायला जरूर जा. नॉर्थम्ब्रियाची स्टायका नावाची बारीक नाणी स्वस्त मिळतात, पण नवव्या शतकात त्यांतली चांदी संपत जाऊन शेवटी तांबंच उरलं, म्हणून ती चांदीच्या संग्रहात धरू नका. वाचायचा सराव करायला मात्र उत्तम.

आल्फ्रेडबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अँग्लो-सॅक्सन बखरीत 883 सालाखाली लिहिलंय की त्याने सिगेहेल्म आणि ॲथेलस्टन नावाच्या दोघांच्या हाती रोमला आणि पुढे भारतात, संत थॉमसकडे दानाचे पैसे पाठवले. काही हस्तलिखितांत 'भारत' ऐवजी 'जुडिया' असा पाठ आहे, त्यामुळे विद्वान भांडत असतात. ते खरंच इथवर पोचले असले तरी आल्फ्रेडची पेनी त्यामुळे स्वस्त होत नाही.

मागची बाजू वाचायची कशी

मागच्या बाजूला कडेच्या आत एक बारीक क्रॉस शोधा. मजकूर तिथून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. आधी टांकसाळ्याचं नाव, मग 'एम-ओ' किंवा 'ऑन', मग गाव. 'एम-ओ' हे टांकसाळ्यासाठीच्या लॅटिन शब्दाचं संक्षिप्त रूप. पुढे पुढे नुसतं 'ऑन' रूढ झालं.

ज्यांनी शिवराई हाताळली आहे त्यांना एक सुखद धक्का बसेल. शिवराईवर 'श्री राजा शिव' मधलं निम्मं अक्षर नाण्याबाहेर गेलेलं असतं, कारण ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा. इथे ठसा आणि तुकडा मापाचे असतात, त्यामुळे चांगल्या नाण्यावर सगळा मजकूर मिळतो. न वाचता येण्याचं कारण बहुतेकदा झीज नसून अक्षरांची ओळख नसणं असतं.

तर ती ओळख. रोमन 'पी' सारखं दिसणारं अक्षर बहुतेक वेळा 'व' असतं. म्हणून 'पुल्फ्रिक' वाचलंत तर तो वुल्फ्रिक आहे, आणि विंचेस्टर 'पी' ने सुरू होताना दिसेल. आडवी रेघ मारलेला 'डी' म्हणजे 'थ'. 'सी' कधी गोल, कधी चौकटी कंसासारखा. 'ए' ची मधली रेघ गायब असते. 'एम' म्हणजे नुसत्या तीन-चार उभ्या रेघा. याचं कारण ठसे कोरण्यात आहे: कारागीर अक्षर कोरत नसे, सरळ पट्टी, पाचर, चंद्रकोर अशा थोड्याशा छिन्न्या ठोकून जुळवत असे. हे एकदा डोळ्यांना कळलं की वाचन भराभर जमतं.

गावांची नावं तोडलेली असतात आणि खरी गंमत तिथे आहे. लिंकन बहुधा 'लिंक', लंडन 'लुंड', स्टॅमफर्ड 'स्टॅन'. नॉटिंगहॅम तेव्हा 'स्नोट' ने सुरू व्हायचं, तिथल्या लोकांना आजही ते ऐकवू नये. 'लेग' दिसलं तर चेस्टर, 'लेहर' दिसलं तर लेस्टर, आणि अर्धवट 'ले' दिसलं तर घाई करू नका. 'हॅमटून' तर नॉर्थहॅम्टन आणि साउथहॅम्टन या दोघांचंही. अशा वेळी टांकसाळ्याचं नाव कामाला येतं. तोच माणूस त्या राजाच्या इतर प्रकारांत कुठे पाडत होता ते शोधायचं. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमची अर्ली मिडीव्हल कॉर्पस ही मोफत यादी यासाठीच आहे. राजा, टांकसाळ आणि टांकसाळ्या टाकला की नोंदलेली नाणी चित्रांसह समोर येतात. कुठलंही नाणं घेण्यापूर्वी त्या यादीत अर्धा तास घालवा.

लिंकनला एक वेगळा फायदा आहे. हा डेन, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या वस्तीचा मुलूख, त्यामुळे कोलग्रिम, सुमेरलेडा अशी उत्तरेकडची नावं गॉड्रिक, वुल्फ्रिक या इंग्लिश नावांशेजारी येतात. ज्या राजाने व्हायकिंगांना पैसे देऊन घालवलं, त्याचीच नाणी व्हायकिंगांचे नातू पाडत होते. शिवाय त्या काळच्या मोठ्या टांकसाळींपैकी ही एक, म्हणून नाणी नियमित विक्रीला येतात. तुम्ही यॉर्क, नॉरिच, इप्सविच, कोल्चेस्टर यांपैकी कुठे राहत असाल तर तुमचीही टांकसाळ आहेच. लहान टांकसाळ धराल तर वर्षाला एखादंच नाणं दिसेल, तेही दुप्पट-तिप्पट भावाने.

प्रकार दोन्ही बाजूंच्या चित्रांवरून ओळखायचा. एथेलरेडचे प्रकार क्रमाने हात, क्रक्स, लाँग क्रॉस, हेल्मेट, मग शेवटचा स्मॉल क्रॉस. क्रक्समध्ये मागच्या क्रॉसच्या चार कोपऱ्यांत त्या शब्दाची चार अक्षरं असतात, चुकायला जागाच नाही. 1009 मधला कोकरू आणि कबुतर असलेला ॲग्नस देई विसरून जा, तो आपल्यासाठी नाही. दर काही वर्षांनी सरकार नाणं बदलत असे आणि जुनं आणून नवं घ्यावं लागे, त्यात राजाचा हिस्सा सुटे. डूम्सडे बुकात (1086 च्या जमीन-महसूल पाहणीच्या दप्तरात) वूस्टरच्या नोंदीत आहे की नाणं बदललं की प्रत्येक टांकसाळ्याने नवे ठसे घेण्यासाठी लंडनला 20 शिलिंग मोजायचे. माझा सल्ला, एका टांकसाळीचं प्रत्येक प्रकारातलं एकेक नाणं गोळा करा. संग्रह आपोआप आकार घेतो आणि पुढे काय घ्यायचं हा प्रश्न उरत नाही.

काटा, भिंग आणि खोटी नाणी

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. दिवा एकच आणि बाजूने. वरून प्रकाश टाकला की अक्षरं सपाट होतात. काटा मात्र 0.001 ग्रॅम दाखवणारा घ्या. हे मी धंद्याच्या सवयीने सांगत नाही, हिशोब करून सांगते. चांदी खरी का ते घनतेवरून, म्हणजे नाणं पाण्यात बुडवून पुन्हा तोलून बघतात; चांगल्या चांदीची घनता साधारण 10.3. तुमची पेनी 1.3 ग्रॅमची असेल तर पाण्यात तिचं वजन जेमतेम 0.126 ग्रॅमने कमी होणार. 0.01 ग्रॅमचा काटा तिथे आठ टक्के चूक करतो, म्हणजे चांदी की आणखी काही ते कळतच नाही. नुसत्या वजनावरून निकाल देऊ नका, कारण एकाच प्रकारात सुरुवातीची नाणी जड आणि नंतरची हलकी असतात. लाँग क्रॉस 1.7 ग्रॅमपर्यंत जातो, क्नूटचा शॉर्ट क्रॉस 1.1 च्या आसपास.

खोट्यात दोन जाती. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. कडेला जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण. ठोकीव खोटं जास्त धोक्याचं, कारण धातू खरा चांदीचा असतो. तिथे एकच उपाय चालतो: चित्रांशी ताडून पाहणं. खऱ्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण ती ठोकली वेगवेगळी, वापरली वेगवेगळी. दोन नाण्यांवर तीच चीर, तोच ओरखडा, तोच वाक त्याच जागी दिसला तर दोन्ही बनावट समजा.

व्हायकिंगांच्या देशात गेलेल्या नाण्यांवर चाकूच्या टोकाने टोचल्याच्या बारीक खुणा असतात. चांदी खरी आहे का ते तपासायची ती त्यांची रीत. विक्रेते या खुणांमुळे भाव कमी करतात आणि मला तो सौदा फार आवडतो. त्या नाण्याचा प्रवासच त्यावर नोंदलेला असतो, वर पैसेही कमी. अर्धी आणि पाव कापलेली नाणीही अशीच दुर्लक्षित. ती मोडलेली नसतात, सुटे पैसे म्हणून मागच्या क्रॉसच्या रेघेवरून मुद्दाम कापलेली असतात. गावाचं नाव असलेलं अर्धं मिळालं तर सोडू नका.

धुणं-पुसणं नको. दातांची डॉक्टर म्हणून हे अधिकाराने सांगते: टूथपेस्टमध्ये खरवडणारे कण असतात, दातावरचं कवच सहन करतं, हजार वर्षांची चांदी करत नाही. पितांबरी, राख, चिंच, लिंबू, फॉइल-सोडा, सगळं देवघरातल्या समईसाठी ठेवा. वाकलेलं नाणं सरळ करायचा मोह तर मुळीच नको. जमिनीत राहून चांदी आतून दाणेदार आणि ठिसूळ झालेली असते, बोटाच्या दाबाने दोन तुकडे होतात. ठेवायला आम्लविरहित कागदाची पाकिटं किंवा महोगनीचा ट्रे. ओकचं लाकूड नको, त्यातून आम्ल सुटतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकटा चढतो. मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल हवंच.

कुणाकडून, किती, आणि कागद कोणते

साधी लाँग क्रॉस किंवा क्नूटची पेनी, ओळखीच्या टांकसाळीची, अडीचशे ते चारशे पौंडांच्या आसपास सुरू होते; साळिंदरी शॅटा त्याहून बरंच कमी. लिलावात हातोडा पडला त्या आकड्यावर वीस ते पंचवीस टक्के कमिशन आणि त्यावर कर येतो, ते आधीच वजा करून बोली ठरवा. घासाघीस करायला लाजू नका, पण ती नाण्यांच्या जत्रेत, समोरासमोर. नव्या माणसाने अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडून हा माल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न भावाचा नाही. 'हे आलं कुठून?' हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 चा ट्रेझर ॲक्ट सांगतो की 300 वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर कळवलीच पाहिजेत. सुटं एखादं नाणं सहसा त्यात येत नाही, पण ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे स्वेच्छेने नोंदवता येतं, आणि नोंदवलेलं नाणं घेणं कधीही चांगलं. दोन उदाहरणं शेजारी ठेवा. 2019 मध्ये सॉमरसेटच्या च्यू व्हॅलीत हॅरल्ड आणि त्याला हेस्टिंग्जला हरवणारा विल्यम यांची अडीच हजारांवर नाणी सापडली, शोधणाऱ्यांनी कळवली, आणि 2024 मध्ये ती 43 लाख पौंडांना संग्रहालयासाठी विकत घेतली गेली. उलट 2015 मध्ये हेरफर्डशायरमध्ये लेम्स्टरजवळ सापडलेली सुमारे 300 नाणी लपवून गुपचूप विकायला काढली गेली. शोधणारे 2019 मध्ये तुरुंगात गेले आणि नाण्यांतली बहुतेक अजून बाहेर कुठेतरी आहेत. त्यांत आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ यांची, दोन सम्राट शेजारी बसलेली नाणी होती. तसलं नाणं कागदाविना स्वस्तात कुणी देऊ केलं तर तिथून निघा आणि पोलिसांना कळवा. ज्यांना हा प्रकार शांतपणे बघायचाय त्यांनी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनमध्ये वॉटलिंग्टनचा साठा बघावा, तोही 2015 मधलाच, पण रीतसर कळवलेला.

म्हणून बिलावर हे लिहून घ्या: राजा, प्रकार, टांकसाळ, टांकसाळ्या, वजन, कॅटलॉग क्रमांक, आधीचा संग्रह किंवा लिलाव, आणि नोंद असेल तर तिचा क्रमांक. जुन्या नाण्याखाली हाताने लिहिलेली गोल तिकिटं येतात, शाई फिकी झालेली. ती फेकून देणारे महाभाग मी पाहिलेत. तिकीट नाण्याचाच भाग आहे, त्याच्यासोबतच ठेवा.

भारतात नेण्याचा विचार असेल तर दोन्हीकडचे कायदे बघा. ब्रिटनच्या जमिनीत सापडलेली 50 वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू बाहेर काढायला, किंमत कितीही असो, निर्यात परवाना लागतो. विक्रेत्याला तो काढून द्यायला सांगा. आणि भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 100 वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. म्हणजे एकदा पुण्याला नेलेली पेनी परत लिंकनला आणताना विमानतळावर अडकू शकते. मी माझी इथेच ठेवते आणि सांगलीला फोटो पाठवते.